पोट दुखत नाही, तरी शौचात रक्त : मेकेलच्या पिशवीविषयी



कोजागिरीला मंडळाच्या गच्चीवर दुधाचे पेले हातात घेऊन उभे असताना तिघांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, "नातवाला नेमके काय झाले होते हो?" प्रत्येकाला पाच मिनिटांत सांगताना काहीतरी राहूनच गेले. त्यातल्या एकांनी पुढे चौथ्याला 'अपेंडिक्स होते' असे सांगितल्याचेही कानावर आले. तेव्हा एकदा सगळे नीट लिहून काढावे असे घरात ठरले. आम्ही काही डॉक्टर नाही. बी.कॉम. झालो आणि आयुष्यभर बँकेत खातेवह्या तपासल्या. शरीरशास्त्राशी संबंध शाळेत सुटला तो सुटलाच. म्हणून हा मजकूर नातवाची शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना वाचून दाखवला आणि त्यांनी सांगितलेल्या दोन दुरुस्त्या केल्या, मगच मंडळाकडे पाठवला.

नातू तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. रविवारची सकाळ, पोहे-जिलेबी नुकतीच झालेली. तो शौचाला बसला आणि सूनबाईने आतून जोरात हाक मारली. पाहतो तो भांड्यात रक्त. थेंबभर नव्हे, चांगले वाटीभर दिसावे इतके, आणि रंग विटकरी-जांभळट, आमसुलाच्या दाट पाण्यासारखा. पण पोराची काही तक्रार नाही. पोट दुखत नाही, ताप नाही, उलटी नाही. धुऊन घेतल्यावर तो आपली तीनचाकी सायकल घेऊन गॅलरीत गेलासुद्धा.

या शेवटच्या गोष्टीनेच आम्ही फसलो. मूल खेळते आहे म्हणजे फार काही नसणार, हा आपल्या घरांतला जुना हिशेब. आदल्या दिवशी बिटाची कोशिंबीर झाली होती, तिच्यावर आम्ही आळ घातला. दुपारी पुन्हा तसेच झाले तेव्हा जवळच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी आव किंवा आतड्याचा संसर्ग असावा म्हणून पाच दिवसांचे औषध दिले. तिसऱ्या दिवशी रक्त थांबले. औषधाला गुण आला असे सगळ्यांनी धरले. घरात गुलकंद सुरू झाला, सब्जा भिजू लागला, उष्णतेचे पदार्थ बंद झाले.

आणि सूनबाईला बोलणी बसू लागली. ती स्पष्ट कोणी बोलले नाही, पण 'बाहेरचे खाणे', 'मैद्याची बिस्किटे', 'आमच्या वेळी नव्हते हो असे काही' हे शब्द तिच्या कानावर पडतील अशा बेताने बोलले जात. नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी तर ती गरोदर असताना ग्रहणात भाजी चिरल्याची आठवण काढली. सूनबाई ऐकून घेत होती. आम्हीही गप्प बसलो. हे लिहिताना आम्हाला आमच्या त्या गप्प बसण्याची लाज वाटते, म्हणून ते इथे मुद्दाम नोंदवतो.

चार महिन्यांनी तेच झाले, आणि या वेळी जास्त. दोन दिवसांत पोरगा पांढराफटक पडला. ओठ, नखे, डोळ्यांच्या आतला भाग, कशालाच रंग नाही. सायकल कोपऱ्यात आणि तो आजीच्या मांडीवर. हिमोग्लोबिन तपासले तर ६.२. बालरोगतज्ज्ञांनी रिपोर्ट पाहताच दाखल करा म्हणून सांगितले. त्या रात्री त्याला रक्त चढवले.

पुढच्या आठवड्यात जो शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला तो मेकेल्स डायव्हर्टिक्युलम. उच्चारायला आम्हाला दोन दिवस लागले, समजायला त्याहून जास्त.

आईच्या पोटात गर्भ अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत असतो तेव्हा वार अजून तयार झालेली नसते. त्या काळात गर्भाशी जोडलेली एक लहानशी पिशवी असते, तिला योक सॅक म्हणतात. अंड्यातल्या बलकाशी नाते सांगणारी. गर्भाचे आतडे आणि ही पिशवी यांना जोडणारी एक बारीक नळी असते. साधारण पाचव्या ते आठव्या आठवड्यात तिचे काम संपते आणि ती आटून नाहीशी होते. आमच्या भाषेत सांगायचे तर व्यवहार संपला, खाते बंद. पण काही जणांत हे खाते पूर्ण बंद होतच नाही. नळीचा आतड्याकडचा तुकडा तसाच राहतो आणि लहान आतड्याच्या भिंतीवर बोटाच्या पेरासारखी एक पिशवी बाहेर डोकावत राहते. तीच ही पिशवी. क्वचित नळी पूर्ण उघडी राहते आणि नवजात बाळाच्या बेंबीतून चक्क शौच येते. कधी पोकळी बुजते पण दोरी शिल्लक राहते. तिचा उपद्रव पुढे सांगतो.

जर्मनीतल्या हाले इथले शरीरशास्त्रज्ञ योहान फ्रीडरिश मेकेल यांनी १८०९ मध्ये ही पिशवी गर्भावस्थेतल्या नळीपासून कशी उरते हे मांडले, म्हणून तिला त्यांचे नाव. अशी पिशवी त्यांच्याही दोनशे वर्षे आधी १५९८ मध्ये फाब्रिसियस हिल्डानुस या शल्यवैद्यांनी नोंदवून ठेवली होती. बँकेतही पहिली नोंद करणारा एक असतो आणि ताळा जुळवणाऱ्याचे नाव राहते, तसेच हे.

डॉक्टर मंडळी विद्यार्थ्यांना हे प्रकरण दोनच्या पाढ्याने शिकवतात. शंभरात साधारण दोघांत ही पिशवी असते. लहान आतडे जिथे मोठ्या आतड्याला मिळते तिथून सुमारे दोन फूट अलीकडे ती सापडते. लांबी साधारण दोन इंच. त्रास होणाऱ्या मुलांत बरीचशी दोन वर्षांच्या आसपासची. त्रास मुलींपेक्षा मुलग्यांत निदान दुप्पट. आणि तिच्यात चुकून दोन प्रकारच्या परक्या पेशी असू शकतात, जठराच्या किंवा स्वादुपिंडाच्या. पाढा हा लक्षात ठेवण्यापुरता, पट्टी घेऊन मोजण्यासाठी नाही, असे डॉक्टरांनी बजावले (ही त्यांची पहिली दुरुस्ती). आमच्या नातवाची पिशवी दीड इंचाची निघाली आणि तो दोन वर्षांचाही नव्हता.

शंभरात दोघे म्हणजे सहाशे सभासदांच्या मंडळात बारा जण झाले. त्यातल्या बहुतेकांना जन्मभर पत्ताही लागत नाही. आयुष्यात कधीतरी त्रास होण्याची शक्यता शंभरात चार ते सहा इतकीच सांगतात. तेव्हा हे वाचून कोणी पोट चाचपत बसू नये.

आता रक्त का येते ते. जठराच्या आतल्या अस्तराला आम्ल तयार करायचे काम असते आणि ते आम्ल सोसायची ताकदही असते. लहान आतड्याला ती नसते. पिशवीत जठराचे अस्तर असेल तर ते तिथे बसून आपले काम इमानेइतबारे करत राहते, म्हणजे आम्ल सोडत राहते. शेजारच्या आतड्याला त्याने जखम होते, जखमेतली रक्तवाहिनी उघडी पडते आणि रक्त वाहते. बऱ्याचदा पोट मुळीच दुखत नाही. काही दिवसांनी रक्त आपोआप थांबते. म्हणजे पहिल्या वेळी आमच्याकडे औषधाला गुण आलाच नव्हता. ते थांबणारच होते. गुलकंदालाही उगाच श्रेय मिळाले.

बद्धकोष्ठाने चीर पडली तर मूल शौचाला रडते आणि कडक शौचावर लाल रेघ दिसते. आव असेल तर कळ येते, चिकट पडते, पुष्कळदा ताप असतो. इथे दुखणे नाही, रक्त मात्र भरपूर, आणि रंग विटकरी किंवा जांभळट. लहान मुलाला असे झाले तर ते थांबल्यावरही बालरोगतज्ज्ञांना दाखवून हिमोग्लोबिन बघितले पाहिजे. आम्ही ते चार महिने बघितले नाही. लोहाचे टॉनिक चालू असले तर शौच काळी होते आणि बिटाने लाल होते हे खरे. पण शंका असेल तर शौचाची साधी तपासणी रक्त आहे की नाही ते सांगते. आम्ही तीही केली नव्हती.

पिशवीचे दुसरे उपद्रव मात्र दुखणारे असतात, आणि ते मोठ्या माणसांतही होतात. मघाशी म्हटलेली दोरी बेंबीपर्यंत ताणलेली असेल तर तिच्याभोवती आतड्याला पीळ पडतो. कधी पिशवी आतल्या आत उलटी होऊन आतडे आतड्यात ओढून नेते. मग मूल थांबून थांबून किंचाळते, पाय पोटाशी घेते. कधी ती सुजते आणि अगदी अपेंडिक्ससारखी दुखते. हिरवी उलटी, फुगलेले पोट, थांबून थांबून येणारी जोराची कळ, यातले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

तपासण्यांच्या बाबतीत आमचा सगळ्यांत मोठा गोंधळ झाला, म्हणून इथे थोडे रेंगाळतो. दाखल झाल्यावर सोनोग्राफी झाली, निर्दोष. तोंडावाटे दुर्बीण घातली, निर्दोष. खालून दुर्बीण घातली, तीही निर्दोष. चिरंजीव म्हणाले, "बाबा, सगळे नॉर्मल आहे म्हणतात, मग रक्त कुठून येतेय?" आम्हालाही वाटले की आता घरी न्यावे. त्या वेळी वॉर्डातल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी कागदावर आतड्याचे चित्र काढून दाखवले. वरची दुर्बीण जठर ओलांडून थोडी पुढे जाते. खालची दुर्बीण मोठे आतडे संपवून लहान आतड्याचे जेमतेम टोक पाहते. मधला मोठा पट्टा कोणत्याच दुर्बिणीच्या टप्प्यात येत नाही, आणि पिशवी नेमकी तिथे. सोनोग्राफीत इतर आतड्यांच्या गर्दीत ती ओळखू येईलच असे नाही. म्हणजे शाखेच्या दोन्ही दारांवर पहारा आणि तिजोरीची खोली कोणी उघडलीच नाही.

मग मेकेल स्कॅन सुचवला गेला. आम्ही लगेच म्हणालो, स्कॅन म्हणजे सीटीच ना? नाही. ही न्यूक्लिअर मेडिसिन विभागातली वेगळी तपासणी आहे. टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य शिरेतून थोड्या प्रमाणात देतात. जठराच्या अस्तराच्या पेशी ते ओढून घेतात. मुलाला गॅमा कॅमेऱ्याखाली झोपवून अर्धा ते एक तास चित्रे घेतली जातात. जठर चमकणारच, पण त्याच वेळी पोटात खाली, जठराचा काही संबंध नसलेल्या जागी, आणखी एक ठिपका चमकला तर तिथे जठराचे अस्तर आहे असे समजते. काही तास उपाशी ठेवतात, आम्ल कमी करणारे औषध आधी देतात म्हणजे द्रव्य पेशींत टिकून राहते, आणि मूत्राशय रिकामे करून घेतात, कारण लघवीतही ते द्रव्य उतरते आणि तिथली चमक फसवू शकते. रक्त त्या वेळी वाहत असायला हवे असे नाही, हा या तपासणीचा मोठा फायदा.

किरणोत्सारी म्हटल्यावर आजीने देव पाण्यात ठेवले. विभागातल्या तंत्रज्ञांनी समजावले की हे द्रव्य दर सहा तासांनी निम्मे होते. दुसऱ्या दिवशी या वेळेपर्यंत सोळावा हिस्सा उरतो. चक्रवाढ व्याजाचे उलटे गणित, आम्हाला लगेच पटले. इतक्या लवकर संपणारा माल साठवता येत नाही, म्हणून रुग्णालये मॉलिब्डेनमचा जनरेटर मागवतात आणि त्यातून ते ताजे काढतात. आपल्या देशात असे जनरेटर अणुऊर्जा विभागाची ब्रिट ही नवी मुंबईत वाशीला असलेली संस्था पुरवते. आम्हाला गुरुवारची वेळ मिळाली ती याचमुळे. जनरेटर बुधवारी यायचा होता. तोपर्यंत तीन दिवस रोज हिमोग्लोबिन बघत बसलो.

गुरुवारी पडद्यावर वर जठराचा मोठा डाग दिसला आणि जरा वेळाने बेंबीच्या उजव्या बाजूला खाली हरभऱ्याएवढा ठिपका. सूनबाई आमच्या शेजारी उभी होती. "हाच का तो?" एवढेच ती म्हणाली.

मुलांत हा स्कॅन बहुतेक वेळा बरोबर निघतो, मोठ्या माणसांत त्याचा भरवसा कमी. पिशवीत जठराचे अस्तरच नसेल तर ठिपका दिसणार नाही. त्यामुळे स्कॅन निर्दोष आला म्हणजे पिशवी नाहीच असा अर्थ काढू नये (ही डॉक्टरांची दुसरी दुरुस्ती, आम्ही 'शंभर टक्के' लिहिले होते). अशा वेळी स्कॅन पुन्हा करतात, गिळायच्या कॅमेऱ्याची कॅप्सूल देतात, किंवा संशय दाट असेल तर सरळ पोटात दुर्बीण घालून पाहतात.

शस्त्रक्रियेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ऐकायला ती भयंकर वाटते आणि प्रत्यक्षात आमच्या बाबतीत सगळ्यांत सरळ तीच गेली. रक्त भरून हिमोग्लोबिन वर आणले. बेंबीतून आणि आणखी दोन छोट्या छिद्रांतून दुर्बीण व हत्यारे घातली, पिशवी शोधली, आतड्याचा तेवढा भाग बेंबीच्या वाटेने बाहेर घेतला, कापला, टोके जोडली आणि आतडे परत आत ठेवले. नुसती पिशवी का नाही कापली, हा आमचा प्रश्न होता. त्याचे कारण असे की रक्त देणारी जखम पुष्कळदा पिशवीत नसून तिच्या तोंडाशी किंवा समोरच्या आतड्यावर असते. पिशवी गेली आणि जखम राहिली तर रक्त चालूच राहायचे. पिशवीचे तोंड अरुंद असेल आणि रक्तस्राव नसेल तर काही वेळा नुसती पिशवी काढूनही भागते. गोळ्यांनी आम्ल दाबून ठेवणे हा तात्पुरता आधार आहे. पिशवी औषधाने जात नाही. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ सहा महिने काढा देऊन बघा म्हणत होते, त्यांना आम्ही हात जोडले.

वारा सरेपर्यंत तोंडाने काही नाही. वॉर्डातली सारी मंडळी त्या एका आवाजाची वाट पाहत होती, आणि तो आला तेव्हा आजीने साखर वाटली. मग पाणी, मुगाचे कढण, मऊ भात. पाचव्या दिवशी घरी. ताप, हिरवी उलटी, पोट फुगणे किंवा जखमेतून स्राव दिसला तर लगेच या, असे सांगितले होते. तसे काही झाले नाही. पुढे कधीही पोट दुखले तर जुन्या शस्त्रक्रियेमुळे आतडी चिकटण्याची शक्यता असते, म्हणून ही माहिती डॉक्टरांना आधी द्यायची. तपासणीसाठी पाठवलेल्या तुकड्याचा अहवाल पंधरा दिवसांनी आला. त्यात जठराचे अस्तर आणि शेजारी जखम, दोन्ही नमूद होते.

दुसऱ्याच कारणाने पोट उघडले आणि पिशवी सापडली तर काढावी का, यावर शल्यविशारदांत एकमत नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९५० ते २००२ मधल्या १४७६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यात वय पन्नाशीच्या आत, पुरुष, पिशवी दोन सेंटिमीटरपेक्षा लांब, किंवा तिच्यात परक्या पेशी असणे या गोष्टी त्रासाशी जोडलेल्या दिसल्या. तेव्हा हा निर्णय टेबलावरच्या डॉक्टरांचा.

आता आमच्या प्रांतात येतो. कॅशलेसची विनंती गेली आणि विमा कंपनीकडून उत्तर आले : जन्मजात व्यंग, देय नाही. चिरंजीव हताश झाले. आम्ही पॉलिसीची पुस्तिका मागवून घेतली आणि व्याख्यांचे पान काढले. विमा नियामकाच्या व्याख्येत जन्मजात व्यंगाचे दोन प्रकार आहेत : बाह्य, म्हणजे शरीराच्या दिसणाऱ्या भागातले, आणि आंतरिक, म्हणजे न दिसणारे. आमच्या पॉलिसीत वगळलेले होते ते फक्त बाह्य. लहान आतड्यावरची पिशवी कोणाला दिसते? तसेच 'जन्मापासून आहे म्हणजे आधीचाच आजार' हाही युक्तिवाद टिकत नाही. आधीचा आजार ठरायला पॉलिसी घेण्यापूर्वी ठराविक काळात त्याचे निदान झालेले किंवा त्यासाठी वैद्यकीय सल्ला वा उपचार घेतलेले असावे लागतात. आम्ही पान क्रमांक देऊन पत्र लिहिले, डॉक्टरांकडून 'पिशवी उदराच्या आत, बाहेरून न दिसणारी' असे एक वाक्य लिहून घेतले, सोबत डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची टिप्पणी, पेशी तपासणीचा अहवाल आणि सगळी मूळ बिले. पैसे भरून झाले होते ते सात आठवड्यांनी परत आले. प्रत्येकाची पॉलिसी वेगळी असते, तेव्हा आपली पुस्तिका स्वतः वाचावी. एजंटने सांगितलेले वाचू नये. कोणाला पत्राचा मसुदा हवा असेल तर रविवारी मंडळाच्या वाचनालयात आम्ही असतोच.

राहिला घरातला हिशेब. डिस्चार्जच्या दिवशी आम्ही डॉक्टरांना सूनबाईच्या देखत मुद्दाम विचारले, गरोदरपणात काही खाण्यापिण्याने, काही करण्या न करण्याने असे होते का? ते म्हणाले, "काका, ती नळी मिटते तेव्हा पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचे नुकतेच कळलेले असते. यात आईने केलेले काही नाही आणि टाळता आले असते असेही काही नाही." आम्ही तेच वाक्य घरी येऊन वडीलधाऱ्या बाईंना फोनवर सांगितले. त्या म्हणाल्या, बरे झाले विचारलेस.

नातवाच्या मोठ्या बहिणीची तपासणी करायची का, हेही विचारून घेतले होते. गरज नाही. एका भावंडात सापडली म्हणून दुसऱ्याचा स्कॅन करत नाहीत. ती मात्र नाराज आहे, कारण पाहुणे आले की भाऊ सदरा वर करून बेंबीजवळच्या खुणा दाखवतो आणि तिच्याकडे दाखवायला काही नाही.